दीर्घिकांच्या तक्त्यावर बाण काढू नका

डिचोलीच्या ताई, तुमच्या मुलीच्या दीर्घिकांच्या तक्त्यावर विज्ञान प्रदर्शनातील परीक्षकांनी ‘उत्क्रांतीचा क्रम दाखवलेला नाही’ असा शेरा मारला, हे वाचताच वीसेक वर्षांपूर्वीचा माझा तक्ता डोळ्यांपुढे आला. मी तो क्रम मोठ्या हौसेने दाखवला होता, आणि तीच माझी चूक होती. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. फोंडा तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे, तेव्हा पुढील मजकूर त्या बेतानेच वाचावा.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अवाढव्य समूह, हे मुलीला ठाऊक असणारच. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची वर्गवारी निव्वळ आकारावरून केली आणि १९३६ मध्ये ती नादकाट्याच्या आकृतीत मांडली: काट्याच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार, त्याच्या दोन फाट्यांवर साध्या सर्पिल (वळणदार भुजांच्या) व दंडयुक्त सर्पिल (केंद्रातून ताऱ्यांचा सरळ पट्टा, म्हणजे दंड, गेलेल्या), आणि सांध्यावर भिंगाकार. घोळ झाला तो नावांमुळे. हबल यांनी दांड्याकडील प्रकारांना ‘आधीचे’ आणि फाट्यांच्या टोकांकडील प्रकारांना ‘नंतरचे’ म्हटले. हे शब्द आकृतीतील स्थानापुरतेच आहेत, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. मी मात्र ते वयाचे शब्द समजले आणि गोल दीर्घिका हळूहळू चपटी होते व मग तिला भुजा फुटतात, अशा अर्थाचे लाल बाण मुलांकडून काढून घेतले.

ते बाण मी एका कार्यालयाने शाळांना वाटलेल्या पुस्तिकेतून घेतले होते. प्रदर्शनात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले, “लंबवर्तुळाकार दीर्घिकेत थंड वायू जवळजवळ उरलेलाच नसतो, तर भुजांमधील तरुण निळे तारे घडणार कशातून?” माझ्या विद्यार्थिनीला उत्तर देता आले नाही, आणि मलाही नाही. त्यानंतर मी त्या कार्यालयाला तीन पत्रे लिहिली. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्यावर ‘मुख्याध्यापकांमार्फत यावे’, आणि मुख्याध्यापकांमार्फत गेलेल्या तिसऱ्यावर ‘पुस्तिकेचा साठा संपला असल्याने दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही’ असे उत्तर आले. पुढच्या जून महिन्यात तीच पुस्तिका पुन्हा शाळेत आली. असो.

खरे चित्र बाणांना जवळजवळ उलटे पाडणारे आहे. सर्पिल दीर्घिकांच्या तबकडीत वायू आणि धूळ असते, म्हणून तेथे तारे अजून जन्मतात आणि भुजा निळसर दिसतात. अशा दोन मोठ्या दीर्घिकांची टक्कर होऊन त्या एकरूप झाल्या, तर ताऱ्यांच्या कक्षा विस्कटून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होऊ शकते, जिच्यात मुख्यतः जुने, तांबूस तारे असतात. कन्या राशीतील एम ८७ ही सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली राक्षसी दीर्घिका या प्रकारची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णविवराची पहिली प्रतिमा तिच्याच केंद्राची. तबकडी शाबूत, पण वायू बहुतांश संपलेला आणि भुजा नाहीत, ती भिंगाकार. म्हणून बाण उलटे काढावेत असे मात्र मी म्हणणार नाही, कारण प्रत्येक दीर्घिकेचा इतिहास वेगळा असतो. माझे ठाम मत असे की तक्त्यावर एकही बाण नसावा.

परीक्षकांपुढे मुलीने एक सोललेला लांबट नारळ न्यावा. टोकाकडून पाहिला तर तो गोल दिसतो, बाजूने पाहिला तर लांबट. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना दिलेले ० ते ७ हे क्रमांक असेच दिसणाऱ्या चपटेपणाचे आहेत. त्यामुळे ० क्रमांकाची दीर्घिका खरोखर चेंडूसारखी असेलच असे नाही. माझ्या मते तिचे अर्धे गुण या नारळावरच आहेत, बाकी परीक्षकांच्या मर्जीवर.

आपली आकाशगंगा दंडयुक्त सर्पिल आहे. जुन्या तक्त्यांवरून उतरवताना तो दंड हमखास सुटतो, तेवढे तपासावे. ठरावीक आकार नसलेल्या, म्हणजे अनियमित, प्रकारासाठी मॅजेलनिक मेघ या आकाशगंगेशेजारच्या दोन लहान दीर्घिकांचे उदाहरण देतात, पण मोठ्या मेघात दंडाची खूण आहे, म्हणून मी लहान मेघ निवडेन. हे मेघ दाखवण्यासाठी तिला समुद्रकिनारी मात्र नेऊ नका. गोव्यातून मोठा मेघ दक्षिण क्षितिजावर फार तर पाच अंश वर येतो, लहान त्याहूनही खाली राहतो, आणि तेथील धुरकटपणात दोन्ही हरवतात. त्यापेक्षा नोव्हेंबरअखेर अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास, सत्तरीत किंवा सांग्याकडे दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेकडे तोंड करून उंच पाहावे. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तेथे साध्या डोळ्यांनीही दिसते. दुर्बिणीतून भुजा दिसतील असे तिला सांगू नका, लहान दुर्बिणीत तो एक लांबट धूसर पुंजकाच असतो, आणि छायाचित्रे पाहून आलेली माझी मुले तो पाहून “बाई, हीच का ती?” असे विचारत असत.