लठ्ठपणा टाळण्यासाठी कोणत्या वयात कोणत्या सवयी लावाव्यात?

घरात तीन पिढ्या एकत्र राहत असताना प्रत्येकाने नेमके काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या गोष्टीची सुरुवात जन्माआधीच होते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात असे आढळले की, आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने हलकी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणून गरोदर स्त्रीने दोन जिवांसाठी दुप्पट जेवण्यापेक्षा डाळी, पालेभाज्या, दूध आणि फळे यांकडे लक्ष द्यावे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे त्याने तोंड फिरवले की भरवणे थांबवावे. गुटगुटीत बाळाचे आपल्याला फार कौतुक असते, परंतु पोट भरल्याची जाणीव ज्याची त्यालाच राहिली पाहिजे.

शाळकरी मुलांना रोज किमान एक तास मैदानी खेळ हवा.

नोकरी आणि संसाराच्या धावपळीत वजन नकळत वाढते. या वयात आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालावे, रात्रीचे जेवण लवकर घ्यावे आणि कंबरेचा घेर टेपने मोजत राहावा. तो पुरुषांत 90 सेंटीमीटर व स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर वजन बेताचे असले तरी दुर्लक्ष करू नये.

आजी-आजोबांनी मात्र कडक उपास करून वजन घटवू नये, कारण त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेशी प्रथिने घ्यावीत आणि हलका व्यायाम करावा.