‘अपहीव्हल’ वहीत लिहिताना

डिचोली

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी इंग्रजी शब्दांची वही चाळली. ‘अपहीव्हल’ (upheaval) या शब्दापुढे तू ‘मोठा बदल’ लिहिलंस आणि खाली वाक्य केलंस ते जूनमध्ये पाऊस सुरू झाल्याचं. तिथे मी अडखळलो. त्या पावसासाठी आपल्याकडे मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात. ज्याची अशी वाट पाहतो, त्याला हा शब्द लागत नाही.

शब्द फोडून बघ. ‘अप’ म्हणजे वर. ‘हीव्ह’ म्हणजे जड वस्तू अंगातलं बळ लावून उचलणं. भूगर्भशास्त्रात जमिनीचा थर खालून वर रेटला जातो, त्यालाही हाच शब्द आहे. आपण ‘उलथापालथ’ म्हणतो. अर्थ जवळचा, चित्र वेगळं. आपलं उलथणं तव्यावरच्या घावनाचं. तिकडे पायाखालची जमीनच उचलली जाते, मग तिच्यावर उभं असलेलं सगळं हलतं. उच्चारताना जोर ‘ही’वर दे.

आता आपलं गाव घे. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा तू फार लहान होतास. खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले, मांडवीतले बार्ज थांबले. पाठोपाठ गॅरेजवाला बसला, टायरवाला बसला, चहाचा गाडा गेला, बँकेचे हप्ते थकले, कुणाचं ठरलेलं लग्न पुढे गेलं. हे अपहीव्हल. खाणींनी कुळागरांवर, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांवर, धूळ बसवली, विहिरी आटवल्या, हे मी विसरलेलो नाही. बंदीमागची कारणं खरी होती. पण कारण खरं असलं तरी घर हादरायचं ते हादरतंच, आणि हा शब्द त्या हादरण्याचा आहे.

म्हणूनच 19 डिसेंबर 1961लाही तो लावायला मी कचरत नाही. गोवा मुक्त झाल्याचा आनंद माझ्या वडिलांनी आयुष्यभर सांगितला. आमच्याच घरात पोर्तुगीज शिकून कारकुनी मिळवलेले काका होते. एस्कुदो जाऊन रुपया आला, तो त्यांनी लगेच मोजायला घेतला. कचेरीतली भाषा गेली, ती मात्र त्यांना फार जड गेली.

रविवारी आजोबांजवळ बस. खाणी बंद झाल्यावर घरात आधी काय थांबलं, ते विचार. सांगतील तसं मराठीत उतरव आणि त्यातलं एकच वाक्य ‘अपहीव्हल’ घालून इंग्रजीत कर. सोबत ‘कॉज’ हे क्रियापद चालतं. ‘अपहीव्हल’च्या जागी ‘चेंज’ घालूनही काहीच बिघडत नसेल, तर ते वाक्य खोड आणि दुसरं लिही. सोमवारी वही घेऊन ये.

तुझे सर