बोलतो कोण, दर की बागायतदार?

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. पेटीच्या दरावरून एका व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहिताना मी ‘फ्रँकली स्पीकिंग, द रेट इज टू लो’ असे लिहिले. भाचा म्हणतो, दर काही बोलत नाही, म्हणून वाक्य चूक. त्याचे खरे मानावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : भाच्याची शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकला. इंग्रजी वाक्याच्या आरंभी असा ‘इंग’ लागलेला शब्दसमूह आला, की त्याचा कर्ता आणि पुढील मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ‘वॉकिंग अलाँग द शोअर, द फोर्ट केम इनटू व्ह्यू’ असे लिहिले, तर विजयदुर्गच किनाऱ्याने चालत निघाल्यासारखा वाटतो. परंतु ‘फ्रँकली स्पीकिंग’, ‘स्ट्रिक्टली स्पीकिंग’, ‘जनरली स्पीकिंग’ हे प्रयोग रूढ झालेले असून त्यांत बोलणारा म्हणजे लिहिणारा, हे गृहीतच असते. आपणही ‘खरे सांगायचे तर दर फारच कमी आहे’ असे म्हणतो. मालवणीत ‘खरा सांगूचा तर’ म्हणतात. तेथे सांगणारा कोण, असे कोणी विचारत नाही.

लेखी पत्रात मी ‘स्पीकिंग’ गाळला असता. नुसते ‘फ्रँकली’ आणि पुढे स्वल्पविराम पुरेसा आहे. तो शब्द आरंभी असला की सबंध विधानाला लागू होतो. ‘ही स्पोक फ्रँकली’ यात तो केवळ बोलण्याची रीत सांगतो.

हा शब्द आपल्या किनाऱ्याला परका नाही. फ्रँक हे गॉल प्रांत (साधारण आजचा फ्रान्स) जिंकणाऱ्या जर्मानिक लोकांचे नाव. तेथे तेच पूर्णपणे स्वतंत्र मानले जात, म्हणून ‘फ्रँक’ म्हणजे मोकळा, आणि पुढे मोकळे बोलणारा. हेच नाव अरबी-फारसीच्या वाटेने ‘फिरंगी’ होऊन आपल्याकडे आले आणि कोकणाने ते पोर्तुगीजांना लावले.

व्याकरणापेक्षा मला काळजी वाटते ती सुराची. ‘फ्रँकली’ वाचताच पुढे काहीतरी कडू येणार, अशी वाचणाऱ्याची तयारी होते. पैसे वेळेवर मिळाले हे कळवताना तो शब्द घातला, तर व्यापारी बुचकळ्यात पडेल. तुमच्या वाक्यात तो योग्य जागी आहे, कारण दराची तक्रारच करायची आहे. मात्र पुढच्या हंगामातही पेट्या त्याच व्यापाऱ्याकडे जाणार असतील, तर ‘वुई फाइंड द रेट रादर लो’ एवढेच लिहावे.