तरंगणारं प्लास्टिक गाळात कसं?

प्रश्न : दर उन्हाळ्यात आम्ही धरणातला गाळ केळीच्या वावरात टाकतो. यंदा एक ढेकूळ फोडलं तर आतून पांढरे धागे आणि काळे पापुद्रे निघाले. सर, प्लास्टिक तर पाण्यावर तरंगतं, मग ते गाळात गेलं कसं? असा गाळ टाकावा का?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, ते धागे बहुधा घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगेचे असावेत आणि पापुद्रे मल्चिंग पेपरचे, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या प्लास्टिकचे. बॅग पॉलिप्रॉपिलीनची, पेपर पॉलिथिनचा. दोन्ही पाण्यापेक्षा हलके. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिक ठिसूळ होऊन हातात चुरतं. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पावसात हे तुकडे नाल्याने तापीत उतरतात. तिथे त्यांच्यावर शेवाळाचा, जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, त्याला काळ्या मातीचे कण चिकटतात आणि तुकडा जड होतो. जिथे पाणी संथ होतं, म्हणजे डोहात किंवा धरणात, तिथेच बारीक माती बसते. तिच्यासोबत हाही बसतो.

मोठा पूर आला की तळ खरवडला जातो. मँचेस्टरच्या परिसरातल्या ४० ठिकाणी असा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पुरानंतर तळातलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून गेलं होतं. म्हणजे संपलं नाही, पुढे गेलं. आपल्या तापीवर पुढे उकाई धरण आहे, आणि त्याच्याही पुढे सुरत आणि अरबी समुद्र.

मी भुसावळला रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचो. तुम्हीही करा. लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, मूठभर वाळला गाळ टाकून ढवळा आणि रात्रभर ठेवा. माती खाली बसते, प्लास्टिक वर येतं. काडीकचराही येतो, तापलेली सुई लावली की प्लास्टिक वितळतं, काडी वितळत नाही. पाइपाच्या पीव्हीसीचा चुरा मात्र यात तरंगत नाही, तो जड असतो. पहिल्यांदा बरणीत ते पांढरे धागे वर आले तेव्हा वर्ग गप्प झाला होता. निम्मी मुलं केळीवाल्यांच्या घरची होती.

गाळ टाकणं थांबवू नका, जमिनीला त्याची गरज आहे. दिसतील तेवढे तुकडे वेचून काढा. आणि हात जोडून सांगतो, घड कापला की बॅग त्याच दिवशी गोळा करा, बांधावर टाकू नका. मल्चिंग पेपर रोटाव्हेटर फिरवण्याआधी अख्खा ओढून काढा. एकदा त्याचा चुरा झाला की तो कुणालाच वेचता येत नाही.