घरी झालेला मृत्यू, मेडिकल एक्झामिनर आणि कोरोनर

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. इंग्लंडमध्ये लेस्टरला घरीच गेले, जीपीने (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने) मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला आणि दाखले तपासणाऱ्या मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसने प्रकरण कोरोनरकडे, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायला लावलं, म्हणून तुम्ही विचारताय की आमच्यावर संशय आहे का. अजिबात नाही. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं जीपी होतो, कोरोनरच्या ऑफिसला असे फोन स्वतः केले आहेत.

उत्तर तुमच्याच प्रश्नात शेवटी दडलंय: सहा आठवड्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मग उठलेच नाहीत. न्यूमोनिया खराच, पण तो झाला अंथरुणाला खिळल्यामुळे, आणि खिळले ते पडल्यामुळे. अपघातातून ओढवलेला मृत्यू तिथला कायदा नैसर्गिक धरत नाही. तो कोरोनरला कळवावाच लागतो, माणूस नव्वदीचा असला तरी. जीपी घाईत दाखल्यावरची वरची एकच ओळ, म्हणजे थेट कारण, लिहून मोकळे होतात. (मीही झालोय.)

९ सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कोरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू मेडिकल एक्झामिनरच्या नजरेखालून जातो, घरचा असो की हॉस्पिटलचा. हा शवविच्छेदन करणारा डॉक्टर नव्हे. अमेरिकेतले नातेवाईक इथे हमखास गोंधळतात. उपचारांशी संबंध नसलेला हा अनुभवी डॉक्टर केसपेपर वाचतो आणि त्याच्या ऑफिसातून घरच्यांना फोन येतो. याचं मूळ हॅरोल्ड शिपमनमध्ये आहे. हाइडच्या या जीपीला २००० साली १५ खुनांबद्दल शिक्षा झाली. नंतरच्या चौकशीत आकडा २१५ वर गेला. मारायचा तोच आणि नैसर्गिक मृत्यूचा दाखला द्यायचाही तोच, मग कोरोनरपर्यंत पोचणार काय?

आता तुमची खरी काळजी, अंत्यसंस्कार. कोरोनरने 'चौकशीची गरज नाही' म्हटलं तर कागद परत जीपीकडे, तिथून मेडिकल एक्झामिनरकडे आणि मग रजिस्ट्रारकडे जातो. पण पडण्याच्या केसमध्ये बहुधा इन्क्वेस्ट, म्हणजे कोरोनरची औपचारिक सुनावणी, उघडतात. ती संपायला महिने लागोत, दहनाला तेवढं थांबावं लागत नाही. देहाची तपासणी झाली की कोरोनर दहनाचा परवाना देतो. बँकेच्या कामांसाठी तात्पुरता दाखला मिळतो; मृत्यूची नोंद मात्र इन्क्वेस्टनंतरच.

उद्या सकाळी कोरोनर्स ऑफिसरला, म्हणजे कोरोनरच्या वतीने काम पाहणाऱ्याला, फोन करा. हिंदू कुटुंब आहे, लवकर दहन करायचंय, हे स्पष्ट सांगा. शवविच्छेदनाशिवाय, हॉस्पिटलच्या नोंदींवर भागेल का, आणि तपासणी लागलीच तर चिरफाडीऐवजी सीटी स्कॅन चालेल का, तेही विचारा. काही ठिकाणी त्याचे पैसे पडतात. परवाना हातात पडेपर्यंत स्मशानाची वेळ पक्की करू नका आणि भारतातून येणाऱ्या भावाला तिकीट बदलता येईल असंच काढायला सांगा.