मॉड कम्युनिटी फोल्डरात साठवू नका, तिथे फक्त जोडा

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये साठेक मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेली जादा विमानं, विमानतळ वगैरे, टाकलेत, त्यातले काही दिसतच नाहीत आणि गेम मध्येच बंद पडतो. सगळं पुसून नव्याने सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. पुसू नका. साठ मॉड पुन्हा शोधून उतरवण्यात कित्येक संध्याकाळी जातील आणि घोळ तसाच राहील, कारण तो बहुतेक वेळा मॉड कुठे आणि कसे ठेवलेत त्यात असतो.

आधी न दिसणारे मॉड. गेम ज्यातून मॉड वाचतो त्या कम्युनिटी फोल्डरात जाऊन त्यातल्या एकाचा फोल्डर उघडा. आत लगेच मॅनिफेस्ट.जेसन आणि लेआउट.जेसन या दोन फाइल दिसायला हव्यात. त्याऐवजी त्याच नावाचा आणखी एक फोल्डर दिसला, तर दुखणं सापडलं. झिप उघडताना विंडोज बाहेरून एक जादा फोल्डर करतं, खरा मॉड त्याच्या पोटात जातो आणि गेम इतक्या खोल बघत नाही. आतला फोल्डर उचलून एक पायरी वर आणा.

लेआउट.जेसन म्हणजे हजेरीपट. ज्या फाइलचं नाव त्यात नाही, ती गेमच्या लेखी नाहीच. हाताने टाकलेली लिव्हरी (विमानाची रंगरंगोटी) दिसत नाही ती बऱ्याचदा यामुळे. एमएसएफएस लेआउट जनरेटर हे छोटं साधन घ्या, त्याच्यावर ही फाइल ओढून सोडा, यादी नव्याने तयार होते.

आता मांडणी. माझे सगळे मॉड कम्युनिटीच्या बाहेर, दुसऱ्या ड्राइव्हवर एका फोल्डरात आहेत: विमानं, लिव्हरी, विमानतळ, बाकीचं. त्या फोल्डरचा पत्ता आखूड ठेवा; विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली की खोलवरच्या फाइल गुपचूप गळतात. मग एमएसएफएस ॲडऑन्स लिंकर घ्या. त्यात मॉडसमोर टिक केली की कम्युनिटीत त्याचा फक्त दुवा तयार होतो, टिक काढली की दुवा जातो. मूळ फाइल जागची हलत नाही. आज ज्या भागात उडायचंय तेवढेच विमानतळ जोडा, गेमही लवकर उघडतो. फ्लायबायवायरचं ए३२एनएक्स हे विमान मात्र त्यांच्याच इन्स्टॉलरवर सोडा, ते हाताने हलवू नका.

विमानतळांच्या फोल्डरला सुरुवातीला त्या विमानतळाचा चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोड (आयसीएओ) द्या, हे मी आग्रहाने सांगेन. एकदा माझ्या रनवेच्या मधोमध जमिनीचा उंचवटा उगवला. उतरताना चाकं त्यावर आदळायची. तासभर मी विमानाच्या मॉडमध्ये चूक शोधत होतो. निघाले एकाच विमानतळाचे दोन मॉड, एक जुना फुकटचा, एक नंतर विकत घेतलेला, आणि दोघांनी जमीन आपापल्या उंचीवर सपाट केलेली. नावं वेगळी होती म्हणून यादीत ते एकमेकांपासून लांब पडले होते. कोड पुढे असता तर एकाखाली एक दिसले असते.

गेम बंद पडतोय त्याचं: सगळे दुवे काढून एकदा तसाच चालवा. नीट चालला तर तीस जोडा. पडला तर त्यातले पंधरा, नाही पडला तर उरलेले तीस, असं निम्मं निम्मं करत गेलात की सहा फेऱ्यांत एकावर येता. दोन्ही निम्मे वेगवेगळे सुरळीत चालले आणि एकत्र पडले, तर दोन मॉडचं आपसात भांडण आहे. तिथे आधी एकाच विमानतळाची जोडी शोधा.

गेमचं अपडेट आलं की तेव्हाही दुवे आधी काढा, गेम एकदा मॉडशिवाय उघडा, आणि मग जोडा. कम्युनिटी फोल्डर नक्की कुठे आहे ते सापडत नसेल तर युजरसीएफजी.ऑप्ट (UserCfg.opt) ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. इन्स्टॉल्डपॅकेजेसपाथ या ओळीत जो पत्ता असतो, त्याच्या आत कम्युनिटी फोल्डर असतो.