ऑपेरा बसवणाऱ्याला संगीत दिग्दर्शक म्हणावे का?

अंबाजोगाईची एक विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका युरोपीय कलावंताच्या कारकिर्दीवरचा लेख मराठीत आणते आहे. मूळ लेखात तो ऑपेराचा डायरेक्टर आणि रंगमंचावरचा परफॉर्मर आहे. तिने लिहिले, ‘संगीत दिग्दर्शक व रंगकर्मी’. मैत्रिणीने ‘संगीत दिग्दर्शक’वर शंका काढली. विद्यार्थिनीचा प्रश्न असा की, ऑपेरात सगळे गाऊनच सांगतात, मग त्याच्या दिग्दर्शकाला संगीत दिग्दर्शक म्हटले तर बिघडले कुठे?

मैत्रिणीचे बरोबर आहे. ‘संगीत दिग्दर्शक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गाण्याला चाल लावणारा माणूस येतो. हा अर्थ चित्रपटांनी इतका पक्का केला आहे की आता तो हलायचा नाही. ऑपेराचा दिग्दर्शक एकही चाल लावत नाही. चाली, वाद्यांची स्वरलिपी, सगळे संगीतकाराने आधीच, पुष्कळदा शे-दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले असते. ते जसेच्या तसे वाजवून घेण्याची जबाबदारी वाद्यवृंदासमोर उभ्या असलेल्या कंडक्टरची. त्याला ‘वृंदसंचालक’ म्हणता येईल. (नुसते ‘ऑर्केस्ट्राचा संचालक’ लिहू नका. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत रात्री अकरापर्यंत चालणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम.) दिग्दर्शकाकडे उरते ते नाटक: कोण कुठून येणार, कुणाकडे पाहून गाणार, कथा कोणत्या काळात घडते, रंगमंचावर काय दिसणार.

एका उदाहरणाने हे लख्ख होईल. १९७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवाला शंभर वर्षे झाली, तेव्हा जर्मन संगीतकार वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका पात्रीस शेरो या फ्रेंच दिग्दर्शकाने बसवली. वृंदसंचालक होते पिएर बुलेझ. पुराणकथेतल्या ऱ्हाईन नदीच्या जलकन्या शेरोने जलविद्युत धरणापाशी आणून उभ्या केल्या. कथा ओढून थेट कारखान्यांच्या युगात नेली. पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी प्रचंड हुर्यो उडवली. संगीत मात्र वाग्नरचेच होते. भांडण झाले ते दिसण्यावरून, आणि दिसणे हेच दिग्दर्शकाचे क्षेत्र. पैठणला नाथसागराच्या भिंतीखाली एकनाथांचे भारूड कुणी याच डोक्याने उभे केले, तरी त्याला आपण संगीत दिग्दर्शक म्हणणार नाही.

गंमत म्हणजे हा भेद मराठीला नवा नाही. संगीत नाटकाच्या काळात ‘चाली’ एकाच्या आणि ‘तालीम’ दुसऱ्याची, असे सर्रास चाले. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या, नाटके दोन्ही खाडिलकरांची. नटांकडून संवाद, हालचाल, भाव घोटून घेणारा तो तालीम मास्तर. त्या कामासाठी गोविंद बल्लाळ देवलांचे नाव आजही आदराने घेतात. शिवाय आपल्याकडे एक अस्सल क्रियापद आहेच: नाटक ‘बसवणे’. ‘यंदा गॅदरिंगला नाटक कोण बसवतंय?’ असे विचारले की लातूरपासून नांदेडपर्यंत कुणालाही कळते. तेव्हा लेखात एकदा ‘ऑपेरा दिग्दर्शक’ लिहा आणि पुढे बिनधास्त ‘अमुक ऑपेरा बसवला’ म्हणा.

‘ऑपेरा’च का, ‘संगीतिका’ का नको? शब्द चांगला आहे, आकाशवाणीने तो रुजवलाही. पण ‘एकांकिका’, ‘नाटिका’ यांच्या शेजारी बसल्यामुळे तो छोटेखानी वाटतो. ‘रिंग’चे चारही भाग मिळून सुमारे १५ तास चालतात, त्याला संगीतिका म्हणायला माझा हात धजत नाही.

एक खबरदारी घ्या. जर्मन नाट्यगृहांत ‘ऑपेरा डायरेक्टर’ हे प्रशासकीय पदही असते. म्हणजे ऑपेरा विभागाचा प्रमुख. तुमचा माणूस तसा असेल तर तो ‘संचालक’, ‘दिग्दर्शक’ नव्हे. मूळ लेखात त्याने काय बसवले याची यादी असेल, तर प्रश्न तिथेच सुटेल.

आता ‘रंगकर्मी’. चूक नाही, पण फार मोघम. प्रकाशयोजना करणारा, नेपथ्य उभारणारा, पडदा ओढणारा, सगळेच रंगकर्मी. ‘रंगमंच कलाकार’ सरकारी अर्जातल्यासारखे वाटते, आणि नुसते ‘कलाकार’ तर आपल्या भागात जपूनच वापरावे. ‘लई कलाकार माणूस हाय’ हे कौतुक असतेच असे नाही. परफॉर्मर म्हणजे तो नेमके काय करतो ते पाहा. शेरो स्वतः रंगमंचावर आणि चित्रपटांत भूमिका करत असे. त्याला ‘नट’ पुरेसे आहे. तुमचा माणूस ऑपेरात गाऊन भूमिका करत असेल, तर बालगंधर्वांसाठी वापरतो तोच शब्द घ्या: गायक नट. बाई असेल तर गायिका-अभिनेत्री. ‘कारकीर्द’ मात्र आहे तशी राहू द्या.